एकाच वयाची मुले सांभाळणारे घरगुती पाळणाघर

सुरत हे साड्यांचे शहर. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून येणारी ताप्ती मार्गाची गाडी उधन्याला पोहोचते. त्याच गाडीने आधी पुरुष आले, मग संसार आले. पुरुष यंत्रमागावर किंवा रंगाई-छपाईच्या मिलमध्ये बारा बारा तास राबतात. बायका साडीला टिकी लावतात, धागे कापतात, साड्यांच्या घड्या घालतात किंवा लोकांची धुणीभांडी करतात. एकाच्या मजुरीवर खोलीचे भाडेही भागत नाही, म्हणून दोघांनाही काम करावे लागते.

गावी मूल सांभाळायला आजी होती, चुलती होती, अंगणभर माणसे होती. येथे एक खोली आणि एक दार. मग दीड-दोन वर्षांचे पोर कोठे ठेवायचे? बहुतेक घरांत याची तीनच उत्तरे सापडतात. आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या मुलीला शाळेतून घरी बसवायचे. शेजारणीला "जरा लक्ष ठेव" म्हणून सांगायचे. नाहीतर मुलाला बरोबर नेऊन कात्री, डिंक आणि टिक्यांच्या ढिगात बसवायचे. पहिल्या उत्तरात एका मुलीची शाळा सुटते. दुसऱ्यात लक्ष कोणाचेच नसते. तिसऱ्यात मुलाच्या जिवाला धोका असतो.

यातून एक वाट निघते, ती म्हणजे घरगुती पाळणाघर. गुजरातीत याला घोडियाघर म्हणतात. वस्तीतील एखाद्या मायाळू व जबाबदार बाईने आपल्या घरी चार मुले सांभाळली, तर चार आया निर्धास्तपणे कामावर जाऊ शकतात आणि त्या बाईलाही घरबसल्या दोन पैसे मिळतात. पण सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते: मुले कोणत्या वयाची घ्यायची? एकट्या बाईने एकाच वयोगटाची मुले घ्यावीत आणि तीही मोजकीच घ्यावीत, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. त्याची कारणे व पद्धत क्रमाने पाहू.

कोणत्या वयाला आधार नाही?

सहा वर्षांखालील मुलांचे ढोबळमानाने चार गट पडतात: सहा महिन्यांपर्यंतची तान्ही, सहा महिने ते दीड वर्षापर्यंतची रांगती, दीड ते तीन वर्षांची दुडदुडती आणि तीन ते सहा वर्षांची बालवाडीची मुले.

बालवाडीच्या वयासाठी अंगणवाडी आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यामधून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास बसायला जागा, गरम आहार आणि खेळातून शिक्षण मिळते. तीन वर्षांखालील मुलांना मात्र घरी न्यायचा आहार मिळतो. गुजरातेत 'बालशक्ती'ची पाकिटे देतात ती हीच. लसीकरण होते, वजन होते, पण मुलाला दिवसभर सांभाळण्याची सोय नेहमीच्या अंगणवाडीत नसते.

कायद्याचे हातही येथवर पोहोचत नाहीत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ज्या कारखान्यात तीसपेक्षा अधिक स्त्रिया काम करतात तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे, असे ठरवले. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकली. पण घरी बसून नगावर टिकी लावणाऱ्या बाईचा कारखाना तिचे घरच असते. तिला पाळणाघर कोण देणार? अलीकडे 'मिशन शक्ती'मधील 'पालना' योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली जातात. आपल्या भागात असे केंद्र आहे काय, याची चौकशी अंगणवाडीच्या ताईकडे अवश्य करावी. असल्यास उत्तमच. नसल्यास दीड ते तीन वर्षे हे वय उघड्यावर पडते.

तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध हवे. त्याची जागा आईजवळ. रांगते मूल सतत मांडीवर, कडेवर लागते. दुडदुडते मूल मात्र चालते, हाताने खाते, शब्द बोलते, दुपारी झोपते. चार-पाच मुलांत ते रमते. म्हणून घरगुती पाळणाघराला आरंभ करायचा तर याच वयापासून करावा.

एकच वय घेतल्याने काय साधते?

पहिला लाभ सुरक्षिततेचा. पाच वर्षांच्या मुलाला मणी ओवायला दिले तर ते तासभर रमते. तेच मणी दीड वर्षाचे मूल तोंडात घालते. मोठ्यांना चेंडू हवा, धावायला जागा हवी. रांगते मूल त्यांच्या पायाखाली येते. वय एक असले म्हणजे घर एकाच नजरेने आवरता येते. काय उंचावर ठेवायचे आणि काय हाताशी द्यायचे, हे एकदा ठरवले की ते सर्वांना लागू पडते.

दुसरा लाभ आहाराचा. सर्वांना एकच मऊ खिचडी चालते. एकासाठी पेज, दुसऱ्यासाठी भाकरी, तिसऱ्यासाठी बाटली असे तीन चुलींचे काम उरत नाही.

तिसरा लाभ झोपेचा. दीड ते तीन वर्षांची मुले साधारण एकाच वेळी, दुपारच्या जेवणानंतर पेंगतात. सर्व झोपली की सांभाळणाऱ्या बाईला तासभर पाठ टेकता येते. मिश्र वयात एक झोपते तेव्हा दुसरे रडते. संध्याकाळपर्यंत बाईचा धीर सुटतो, आणि धीर सुटला की हात उगारला जातो. मुलांना मारहाण होण्यामागे पुष्कळदा दुष्टपणापेक्षा थकवाच असतो, हे ध्यानात ठेवावे.

चौथा लाभ बाईच्या ज्ञानाचा. एकाच वयाची मुले वर्षभर सांभाळली की त्या वयाची नस सापडते. हे मूल चावते का? कारण त्याला अजून शब्दांत राग सांगता येत नाही. खेळणे का ओढते? कारण 'वाटून घेणे' त्याला अजून उमगलेले नसते. म्हणून एकाच जातीची दोन-तीन खेळणी ठेवावीत. ओळखीचे माणूस दिसेनासे झाले की का भेदरते? कारण आई परत येईल हा भरवसा अजून पक्का झालेला नसतो. हे कळले की शिक्षेची गरजच उरत नाही.

मिश्र वयाचीही एक बाजू आहे

येथे एक थोर उदाहरण आठवते. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५७ पासून त्या व अनुताई वाघ डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी झटल्या. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी मुलगी निश्चिंत मनाने पाटीपुस्तकापाशी.

मग आपण एकच वय घ्या असे का म्हणतो? नीट पाहिले तर विकासवाडीतही सर्व वये एका बाईच्या पदरात टाकलेली नव्हती. आवार एक होते, पण प्रत्येक वयाची व्यवस्था निराळी होती. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेश' सुरू केले. त्या कामातही तीन वर्षांखालील मुले, बालवाडीची मुले आणि शाळेच्या वयाची मुले असे वेगळे विभाग असतात. संस्थेला हे जमते, कारण तिच्याकडे माणसे असतात. एकट्या बाईला ते जमणार नाही. तिने एक वय धरावे आणि शेजारच्या गल्लीतील दुसऱ्या बाईने दुसरे. दोघी मिळून वस्तीची विकासवाडी होईल.

परदेशातही हा विचार रुजला आहे. डेन्मार्कमध्ये नगरपालिकेच्या देखरेखीखाली बायका आपल्या घरी मुले सांभाळतात. त्यांत प्रामुख्याने तीन वर्षांखालील मुले असतात आणि एका बाईकडे पाचाहून अधिक देत नाहीत. बाई आजारी पडली तर मुले त्या दिवशी ओळखीच्या दुसऱ्या सांभाळणारीकडे जातात. ओळख राहावी म्हणून या बायका आपापली मुले घेऊन अधूनमधून एकत्र जमतात. ही शेवटची रीत आपणही बिनखर्चात उचलावी.

मुले किती घ्यावीत?

इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला आठ वर्षांखालील सहाच मुले घेता येतात. त्यांत लहान, म्हणजे पाच वर्षांच्या आसपासपर्यंतची, साधारणपणे तीनच असावीत, आणि वर्षाखालील एकच. आपल्याकडे संस्थांच्या पाळणाघरांत एका बाईमागे मुले याहून पुष्कळ जास्त असतात. पण तेथे मदतनीस असते, स्वयंपाकाचे काम वेगळे असते. घरी सर्व काही एकटीलाच करायचे आहे.

म्हणून एक साधी कसोटी सांगतो. घरात धूर झाला तर एकाच फेरीत किती मुले बाहेर काढता येतील? दोन कडेवर आणि दोन हाताला धरून, अशी चार. ही चार हीच एकट्या बाईची मर्यादा. स्वतःचे मूल त्याच वयाचे असेल तर तेही या चारांत मोजावे. घरात सासू किंवा जाऊ पूर्ण वेळ मदतीला असेल तर सहा. त्यापुढे नाही.

ही कसोटी उगाच नाही. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणीवर्गात अडकलेले २२ विद्यार्थी दगावले. ते तर पळू शकणारे तरुण होते. दोन वर्षांच्या मुलाचे काय होईल? म्हणून पाळणाघर तळमजल्यावरच असावे आणि दाराची वाट कधीही सामानाने अडू देऊ नये. तळमजल्याला धोका पुराचा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पावसाळ्यात पुराची सूचना मिळताच पाळणाघर बंद राहील व मुले घरी पाठवली जातील, हे आयांना आधीच सांगून ठेवावे.

घराची तयारी

जमिनीवर गुडघे टेकून, मुलाच्या उंचीवरून सबंध खोली पाहावी. मग धोके आपोआप दिसतात.

१. पाण्याची बादली, पिंप, टब उघडे ठेवू नये. चार बोटे पाण्यातही लहान मूल बुडू शकते. नळाच्या वेळी पाणी भरल्यावर लगेच झाकण व वर वजन ठेवावे.

२. जेथे साडीचे काम चालते ती खोली पाळणाघर नव्हे. टिक्या, खडे, सुया, कात्री, चिकटवायचे द्रव्य यांतील प्रत्येक वस्तू या वयाच्या मुलाला घातक आहे. सांभाळता सांभाळता चार साड्याही होतील, हा मोह टाळावा. दोन्ही कामे बिघडतात.

३. रॉकेल, फिनेल, ॲसिड, उंदराचे औषध, गोळ्या कुलपात ठेवावीत. ही द्रव्ये पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नयेत. घड्याळात व खेळण्यात असणारे बटणासारखे गोल सेल मुलाने गिळल्यास अन्ननलिकेला जखम होते. त्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

४. शेगडी ओट्यावर असावी. मुले जागी असताना जमिनीवर स्वयंपाक करू नये. विजेच्या खालच्या जोडण्या झाकून टाकाव्यात.

५. पत्र्याचे छप्पर असल्यास उन्हाळ्यात दुपारी खोली तापते. छपरावर चुन्याचा पांढरा हात द्यावा, खिडकीला ओला पडदा लावावा, मुलांना वरचेवर पाणी पाजावे. तरीही खोली असह्य तापत असेल, तर त्या महिन्यांपुरती दुसरी जागा पाहावी.

६. रात्रपाळी करून आलेला माणूस ज्या खोलीत झोपतो तेथे मुले ठेवू नयेत. त्याची झोप मोडते, मुलांना दबून राहावे लागते आणि घरात कटकट होते. शिवाय घरातील किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्याही हवाली मुलाला एकटे करू नये. अंघोळ, कपडे बदलणे हे काम सांभाळणाऱ्या बाईनेच करावे.

घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती आधी घ्यावी. महापालिकेच्या विभागीय कार्यालयातही काही परवानगी लागते का, ते विचारावे.

दिवसाचा क्रम

या वयाच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण क्रम कळतो. रोज एकच क्रम ठेवला की ते शांत राहते. सकाळी आल्यावर हात धुणे व अंगावरून नजर फिरवणे: ताप, पुरळ, जखम आहे का? मग मोकळा खेळ. दहा वाजता खाऊ. त्यानंतर गाणी, गोष्ट, भांड्यांचे झाकण लावणे, पाण्यात पेला भरणे-ओतणे (बाईच्या समोरच). बारा वाजता जेवण, मग झोप. उठल्यावर शी-शू, खाऊ, ओट्यावर किंवा गल्लीत थोडी फेरी आणि आईची वाट पाहणे.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. झोपावे म्हणून कोणतेही औषध देऊ नये. मुंबईच्या गिरण्यांच्या जुन्या काळात कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची 'बाळागोळी' देत. कित्येक मुले त्या गुंगीत खंगली. आज अफू गेली असली तरी सर्दी-खोकल्याचे औषध झोपेसाठी पाजण्याची खोड काही ठिकाणी आढळते. तीही तितकीच वाईट.

भाषेची चिंता करू नये. घरी अहिराणी, शेजारी गुजराती, रस्त्यावर हिंदी असे चालले तरी मूल गोंधळत नाही. मात्र त्याच्याशी बोलले पाहिजे. मोबाइलसमोर बसवलेले मूल गप्प राहते, पण बोलायला शिकत नाही.

नवीन मूल पहिल्या दिवशी तासभर, तेही आईसह यावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईने थोडा वेळ जाऊन परत यावे. आठवडाभरात वेळ वाढवावी. आईने चोरून निघून जाऊ नये. "मी जाते, जेवण झाल्यावर येते" असे सांगूनच जावे. मूल रडेल, पण भरवसा शिकेल.

आहार व परसबाग

वर्षावरील मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण व एक-दोनदा खाऊ हवा. त्यातले एक जेवण व दोन खाऊ पाळणाघरात होतात. मूगडाळीची मऊ खिचडी तुपासह, वरणात कुस्करलेली भाकरी, नागलीची पेज, अंडे, केळे, पपई हे स्वस्त व पोषक पदार्थ. बालशक्तीचे पाकीट मिळत असेल तर आईने ते पाळणाघरात आणून द्यावे. त्याची लापशी किंवा शिरा करता येतो. आईचे दूध दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवावे. घरी नेताना प्रथम पाजावे.

शेंगदाणे, चणे, फुटाणे, अखखी द्राक्षे, कडक गोळ्या या वयाच्या मुलांना देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचे कूट चालते.

गल्लीत अंगण नसले तरी तेलाच्या जुन्या डब्यात पालक, मेथी, कोथिंबीर होते. डब्याच्या बुडाला भोके पाडावीत, खाली विटांचे तुकडे, वर माती व कुजलेले शेणखत भरावे. भिंतीकडेला हातभर जागा असल्यास शेवग्याची फांदी लावावी. तिचा कोवळा पाला बारीक चिरून खिचडीत किंवा थालीपिठात घालावा. वापरून उरलेले धुण्याचे साबणाचे पाणी भाजीला घालू नये. डब्याखाली पाणी साचू देऊ नये. त्यात डास होतात.

आजार व लसीकरण

मूल घेण्याआधी त्याचे ममता कार्ड पाहावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यात व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत असते. त्रिगुणी व पोलिओचा बूस्टरही त्याच सुमारास. 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. राहिलेले डोस अंगणवाडीच्या ममता दिवशी मिळतात. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयाची तपासणी करून घ्यावी. ही गोष्ट सांभाळणाऱ्या बाईच्या घरालाही लागू आहे.

दंडाचा घेर मोजण्याची पट्टी अंगणवाडीत असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल कुपोषित आहे, ११.५ पेक्षा कमी असेल तर धोका मोठा, तत्काळ दवाखाना गाठावा.

जुलाब झाल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा मोठा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याने हळूहळू पाजावे. जेवण बंद करू नये. आरोग्य केंद्रातून जस्ताच्या गोळ्या घेऊन चौदा दिवस द्याव्यात.

शांत असताना श्वास मोजावा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. छाती आत ओढली जाणे, झटके, गुंगी, काहीच न पिणे ही धोक्याची चिन्हे. अशा वेळी १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी व न्यू सिव्हिल किंवा महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात न्यावे. त्याच वेळी आईला फोन करावा.

ताप, जुलाब, अंगावर पुरळ, चिकटलेले लाल डोळे असलेले मूल त्या दिवशी घेऊ नये. येथेच खरी पंचाईत होते. मूल नाकारले की आईची मजुरी बुडते आणि ती चिडते. म्हणून हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि अशा दिवशी मूल कोण पाहील, त्याचे नाव आईकडून लिहून घ्यावे. ताप नसलेली साधी सर्दी असल्यास मूल यायला हरकत नाही.

पैशाचा हिशेब

उदाहरणादाखल आकडे घेऊ. आपल्या वस्तीचा दर आपण घालावा. समजा चार मुले, दर मुलामागे महिना १,५०० रुपये. जमा ६,०००. खिचडी, दूध, फळे १,२००, साबण-फिनेल ३००, गॅस व वीज ५००. एकूण खर्च २,०००. शिल्लक ४,०००.

आता एकाच वयाच्या पाळणाघराचा तोटा पाहा. चारही मुले एकदम आणली तर ती एकदमच तीन वर्षांची होतात. समजा जूनमध्ये दोघे अंगणवाडीत गेले. जमा ३,०००. खाण्याचा खर्च निम्मा झाला, पण साबण, गॅस व वीज तेवढीच राहिली, खर्च १,४००. शिल्लक १,६०० वर आली. घाबरून बाई मिळेल ते मूल घेते. एक सात महिन्यांचे, एक पाच वर्षांचे आले की सगळी घडी विस्कटते.

यावर उपाय सोपा आहे. गट एक, पण महिने निराळे ठेवावेत: एक अठरा महिन्यांचे, एक बावीसचे, एक सव्वीसचे, एक तिशीच्या पुढचे. म्हणजे चार महिन्यांनी एकच जागा रिकामी होते. त्या जागेसाठी वाट पाहणाऱ्यांची यादी वहीत ठेवावी. दर महिन्याचे पैसे आगाऊ घ्यावेत, मूल दोन दिवस आले नाही तरी पैसे कापू नयेत, मूल काढायचे असल्यास महिनाभर आधी सांगावे, नेण्याची वेळ किती व ती टळल्यास काय, हे सर्व एका कागदावर लिहून दोघींनी अंगठा किंवा सही करावी. मूल कोण नेणार त्यांची नावेही त्यावर असावीत. दारू पिऊन आलेल्याच्या हाती मूल देऊ नये, मग तो बाप असला तरी.

काही शंका

*भावंडांचे काय? आईला दोन ठिकाणी सोडावे लागेल.*
ही अडचण खरी आहे. थोरले तीनच्या पुढचे असेल तर अंगणवाडीत घालावे. ती सुटल्यावर थोरले ज्या शेजारणीकडे जाईल तिच्याशी आधीच बोलून ठेवावे. धाकटे दीड वर्षाखालचे असेल तर दुसऱ्या गल्लीतील, फक्त दोन रांगती मुले सांभाळणाऱ्या बाईकडे पाठवावे. सोडण्याचे श्रम वाढतात, पण दोन्ही मुले सुरक्षित राहतात.

*दारी आलेल्या गरजू आईला "नाही" कसे म्हणावे?*
सर्वात कठीण प्रश्न हाच. पाचवे मूल घेतले तर त्या एका आईचे भले वाटते, पण आधीच्या चार आयांनी ज्या भरवशावर मूल ठेवले तो भरवसा मोडतो. "माझ्याकडे जागा नाही, पण अमुक ठिकाणी विचारा" असे सांगता यावे, म्हणूनच एकीने थांबू नये. वस्तीत दोघी-तिघींनी मिळून हे काम उभारावे.

*मोठी मुलगी घरीच आहे. ती मदतनीस चालेल का?*
मुळीच नाही. एका मुलीची शाळा वाचावी म्हणून पाळणाघर काढायचे आणि दुसरीची शाळा तेथेच बुडवायची, हा न्याय नव्हे. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. तिचे स्थान तेथे.

*बाई आजारी पडली तर?*
दुसऱ्या पाळणाघराशी आधीच बोलणे करून ठेवावे. पंधरा दिवसांतून एकदा दोन्हीकडची मुले एकत्र खेळवावीत, म्हणजे त्या दिवशी ती बुजणार नाहीत. मात्र दोघींची मिळून मुले मर्यादेबाहेर जात असतील तर त्या दिवशी सुट्टी द्यावी.

आरंभ कसा करावा?

ज्या भगिनींना हे काम करावेसे वाटते त्यांनी घाई करू नये. पहिल्या आठवड्यात घराची पाहणी करून धोके दूर करावेत. दुसऱ्या आठवड्यात अंगणवाडीच्या ताईला व आशा ताईला भेटावे. त्यांना वस्तीतील प्रत्येक मूल ठाऊक असते. तिसऱ्या आठवड्यात एकच मूल घ्यावे. ते रुळले की दुसरे. चार पूर्ण व्हायला तीन महिने लागले तरी चालतील.

आणि आयांनी मूल ठेवण्याआधी पाळणाघर दोनदा पाहावे. एकदा सांगून, एकदा न सांगता, दुपारच्या वेळी. मुले किती आहेत ते मोजावे. पाण्याचे पिंप झाकलेले आहे का ते पाहावे. सांभाळणारी बाई मुलांशी बोलते की त्यांच्यावर खेकसते, ते ऐकावे. दर दोनशे रुपयांनी कमी आहे म्हणून बारा मुलांच्या खोलीत आपले मूल टाकू नये. चार मुलांच्या घरात आपल्या मुलाच्या वाट्याला दोन डोळ्यांचे लक्ष येते, आणि या वयात त्यालाच फार किंमत आहे.